वाचून झालेली रहस्यकथा कुणाची?

प्रवासात वाचून संपलेली रहस्यकादंबरी पुढच्या प्रवाशाला द्यावी की नाही, यावर वाचणाऱ्यांमध्ये अधूनमधून वाद पेटतो आणि दर वेळी त्याच दोन खुंट्यांभोवती फिरत राहतो. एक बाजू म्हणते, पुस्तक हातोहात फिरलं की लेखकाची तेवढी विक्री बुडाली. एक प्रत दहा जणांनी वाचली म्हणजे नऊ जणांनी फुकट वाचली. दुसरी बाजू म्हणते, वाचन ही वाटायची गोष्ट आहे, तिच्यावर मालकी कसली. आणि हे बोलता बोलता कादंबरीची पीडीएफ पन्नास जणांना पाठवून मोकळी होते. मला हा वाद ऐकताना त्रास होतो, कारण दोन्ही बाजू एकाच जागी घसरतात. पुस्तक देणं आणि पुस्तकाची प्रत काढणं यांतला फरक दोघींनाही दिसत नाही. पहिलीला दोन्ही चोरी वाटते, दुसरीला दोन्ही दान. माझं म्हणणं असं की विकत घेतलेली रहस्यकादंबरी पुढं देणं हा वाचकाचा पूर्ण हक्क आहे, आणि तो न्याय्य ठरतो तो एकाच कारणानं: दिली की ती देणाऱ्याकडं उरत नाही. ही अट जिथं पाळली जाते तिथं लेखकानं तक्रार करू नये, आणि जिथं पाळली जात नाही तिथं वाचकानं औदार्याचा आव आणू नये.

बाकीची पुस्तकं सोडून रहस्यकादंबरीबद्दलच का बोलायचं? कारण प्रवासाशी तिची गाठ जुनी आहे. १८४८ मध्ये पुस्तकविक्रेते डब्ल्यू. एच. स्मिथ यांनी लंडनच्या यूस्टन स्थानकावर पुस्तकांचा स्टॉल सुरू केला. त्याच सुमारास रूटलेज या प्रकाशकानं रेल्वेत वाचण्यासाठी म्हणून स्वस्त कादंबऱ्यांची माला काढली, आणि १८५३ मध्ये फ्रान्समध्ये प्रकाशक लुई आशेत यांनी तेच केलं. डब्यात बसल्यापासून उतरेपर्यंतचा वेळ बांधलेला असतो, आणि एक प्रश्न घेऊन बसलं की तो सुटेपर्यंत दुसरं काही सुचू नये, अशीच रहस्यकथेची रचना असते. पण याहून महत्त्वाचं कारण वेगळं आहे. आवडता कवितासंग्रह देऊन टाकताना जीवावर येतं, शब्दकोश दिला तर उद्या अडतं. रहस्यकादंबरीतला सर्वांत मोठा आनंद मात्र एका वाचकाला एकदाच मिळतो, आणि त्यानं तो घेतला तरी पुढच्यासाठी पुस्तकात तो जसाच्या तसा शिल्लक असतो. खुनी कोण हे कळलेल्या माणसाच्या पाठीवर ती कादंबरी म्हणजे पाव किलोचं ओझं. शेजारच्या बाकावर गाडीची वाट पाहत बसलेल्याला तीच कादंबरी अख्ख्या रात्रीची सोबत. आपल्यासाठी संपलेली आणि दुसऱ्यासाठी पूर्ण भरलेली अशी वस्तू देऊन टाकायची नाही, तर करायचं काय तिचं?

प्रवासी जिथं उतरतात अशा कुठल्याही ठिकाणी जिन्याखालची किंवा जेवणघराच्या कोपऱ्यातली पुस्तकांची फळी नीट पाहा. दमट हवेनं फुगलेली पानं, मधोमध मोडलेला कणा, एकशेचाळिसाव्या पानात कुणाचा तरी राहिलेला बोर्डिंग पास. आतल्या कोऱ्या पानावर वेगवेगळ्या शाईत चार-पाच गावांची नावं आणि तारखा. पात्रांच्या यादीत एकानं तीन नावांपुढं पेन्सिलीनं प्रश्नचिन्हं केलेली असतात, नंतरच्या कुणी त्यातलं एक खोडलेलं असतं, आणि उत्तर मात्र एकानंही लिहिलेलं नसतं. ही माणसं एकमेकांना कधी भेटलेली नाहीत. तरी प्रत्येकानं पुढच्यासाठी काहीतरी राखून ठेवलं. या व्यवहाराला सरसकट चोरी म्हणणाऱ्यांनी ही फळी कधी हाताळली आहे का, असा मला प्रश्न पडतो.

तरीही विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा टाळून पुढं जाता येणार नाही. उसना आणलेला कवितासंग्रह मनात भरला तर माणूस स्वतःची प्रत घेतो. पुन्हा पुन्हा उघडायचा असतो ना तो. चरित्राचं, इतिहासाचं असंच होऊ शकतं. रहस्यकादंबरीत खुनी कळला की ती विकत घेण्याचं मुख्य कारणच संपलं. म्हणजे हातोहात फिरण्यानं सर्वांत जास्त फटका कुणाला बसायचा असेल, तर तो रहस्यकथाकारालाच. त्यात हा बहुधा मालिका लिहिणारा लेखक. पुढचा भाग छापायचा की नाही, हे प्रकाशक मागच्या भागाच्या खपावरून ठरवतो. फळीवरून उचलून वाचणाऱ्या दहा जणांना लेखक कितीही आवडला, तरी खपाच्या हिशेबात त्यांची नोंद होत नाही. नाव झालेला लेखक यातून तरतो. दुसऱ्या-तिसऱ्या पुस्तकावर अडखळत उभा असलेला तरत नाही. हे खरं आहे आणि गंभीर आहे. जे लोक 'लेखकाला उलट प्रसिद्धीच मिळते' एवढं म्हणून हात झटकतात, त्यांनी कधी एखाद्या लेखकाला प्रसिद्धीवर घरखर्च चालवताना पाहिलेलं नसावं.

पण या मुद्द्यात एक गृहीत दडलेलं आहे: फळीवरचं पुस्तक उचलणारा प्रत्येक जण, ते तिथं नसतं तर दुकानात गेलाच असता. कशावरून? गाडी चार तास लेट आहे, फोनची बॅटरी संपत आली आहे, समोर अनोळखी नावाची एक कादंबरी पडली आहे. म्हणून माणूस ती उचलतो. त्या लेखकाचं नाव त्यानं ऐकलेलंही नसतं. आणि रहस्यकथेचा वाचक एका पुस्तकाशी जोडला जात नाही, तो तपास करणाऱ्या माणसाशी जोडला जातो. फळीवर हाती लागतो तो मालिकेतला चौथा भाग. आधीचे तीन तिथं नसतात, पाचवाही नसतो. त्या तपास-अधिकाऱ्याचं लग्न का मोडलं, तिसऱ्या भागात काय घडलं म्हणून तो आता बंदुकीला हात लावत नाही, हे जाणून घ्यायचं तर उरलेले भाग शोधून घ्यावेच लागतात. ही माझी भाबडी समजूत आहे असं कुणी म्हणेल, तर त्यानं ई-बुकच्या बाजाराकडं पाहावं. मालिकेचा पहिला भाग अगदी स्वस्तात किंवा चक्क फुकट देऊन टाकणं, ही तिथं सर्रास चालणारी पद्धत आहे, आणि ते देणारे स्वतः लेखक आणि प्रकाशकच असतात. जो हिशेब स्वतः देताना शहाणपणाचा ठरतो, तोच वाचकानं दिलं की नुकसानीचा कसा होतो?

वाचकाला दोष देण्याची ही सवयही आजची नाही. १९३१ मध्ये, मंदीनं पुस्तकांचा धंदा बसला असताना, अमेरिकेतल्या काही प्रकाशकांनी जनसंपर्काच्या क्षेत्रातले नामवंत एडवर्ड बर्नेज यांची मदत घेतली. पुस्तक उसनं नेणाऱ्याला लाज वाटेल असं हिणवणारं नाव सुचवण्याची स्पर्धा लावली गेली. नाव निवडलं गेलं, आणि भाषेत कधी रुजलं नाही. लोक पुस्तकं उसनी नेतच राहिले. धंद्याला उभारी आली ती वेगळ्याच दिशेनं. १९३५ मध्ये ब्रिटनमध्ये प्रकाशक ॲलन लेन यांनी पेंग्विनची पुस्तकं सहा पेन्सला विकायला काढली. रहस्यकथाकार ॲगाथा ख्रिस्तींकडून परतताना एक्झेटर स्थानकावर वाचण्याजोगं काही न मिळाल्यानं ही कल्पना सुचली, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. १९३९ मध्ये अमेरिकेत पॉकेट बुक्सची पंचवीस सेंटची पुस्तकं आली. दोन्ही पुस्तकमालांच्या पहिल्या दहा पुस्तकांत ख्रिस्तींची रहस्यकादंबरी होती. खिशात मावणारी, स्वस्त, वाकवून वाचता येणारी आणि वाचून झाली की सोडून देताना जीव न तुटणारी ही पुस्तकं हातोहात फिरणारच होती, हे काढणाऱ्यांना दिसत नव्हतं का? दिसत होतं. तरी त्यांनी ती काढली, आणि त्यातूनच रहस्यकथेला फार मोठा वाचकवर्ग मिळाला.

याहून ठळक उदाहरण दुसऱ्या महायुद्धातलं आहे. १९४३ ते १९४७ या काळात अमेरिकी प्रकाशकांनी एकत्र येऊन सैनिकांसाठी तेराशेहून अधिक पुस्तकांच्या खास आवृत्त्या काढल्या. आडव्या आकाराच्या, गणवेशाच्या खिशात जाणाऱ्या, एकूण सुमारे १२ कोटी प्रती. एका प्रतीमागे एक सेंट मानधन, तेही लेखक आणि प्रकाशक यांच्यात निम्मं निम्मं. त्यांत रहस्यकथा होत्या, पश्चिमेकडच्या रानटी मुलखातल्या कथा होत्या, अभिजात साहित्यही होतं. एक प्रत अनेकांनी वाचायची, हे मुळातच धरलेलं होतं. आजच्या तक्रारखोरांचा हिशेब लावला तर युद्ध संपल्यावर पुस्तकधंद्याचं दिवाळंच वाजायला हवं होतं. प्रत्यक्षात युद्धानंतरच्या वर्षांत अमेरिकेत पेपरबॅकचा बाजार धो धो वाढला. ज्यांना पूर्वी पुस्तकाची सवय नव्हती अशी लाखो तरुण मुलं खंदकांत, जहाजांवर, इस्पितळांत दुसऱ्यानं दिलेलं वाचून वाचक झाली होती. वाचक तयार होण्याची जागा दुकान ही क्वचितच असते. तो आधी कुणाच्या तरी हातून मिळालेल्या पुस्तकावर तयार होतो आणि मग दुकानात जातो.

पुस्तकावर सूचना छापून वाचकाचे हात बांधायचे प्रयत्नही झाले. लाइपझिगचे प्रकाशक टाउखनिट्स १८४१ पासून इंग्रजी पुस्तकांच्या स्वस्त आवृत्त्या युरोपात फिरणाऱ्या प्रवाशांसाठी काढत. पुढं त्यांवर 'ब्रिटनमध्ये नेऊ नये' अशी सूचना असे. प्रवासी ती वाचत आणि पुस्तक बॅगेत घालून घरी नेत. १९०८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढं आलेलं प्रकरण याहून मोलाचं आहे. एका प्रकाशकानं कादंबरीत छापलं होतं की एका डॉलरहून कमी किमतीला हे पुस्तक विकणं म्हणजे कॉपीराइटचा भंग. एका मोठ्या दुकानानं ते ८९ सेंटला विकलं. न्यायालयानं प्रकाशकाचं म्हणणं फेटाळलं: मजकुराचे हक्क तुमचे, पण एकदा विकलेल्या त्या प्रतीचं पुढं काय करायचं, हे तुम्ही ठरवू शकत नाही. २०१३ मध्ये, एका थाई विद्यार्थ्याच्या खटल्यात, त्याच न्यायालयानं हे तत्त्व परदेशात छापून परदेशात विकल्या गेलेल्या पुस्तकांनाही लागू असल्याचं सांगितलं. एका देशात घेतलेली कादंबरी दुसऱ्या देशातल्या फळीवर ठेवणाऱ्याच्या बाजूनं याहून स्पष्ट निकाल कोणता हवा?

कायदा असं का म्हणतो, हे समजून घेतलं तर वादातला निम्मा धूर निवळतो. लेखकाला मोबदला मिळाला तो एका प्रतीचा. ती प्रत दहा हातांतून गेली तरी एका वेळी एकाच हातात असते. वाचायला वेळ लागतो, प्रत झिजते, हरवते, पाण्यात पडते. तिचा फिरण्याचा वेग माणसाच्या चालण्याइतकाच. लेखकाच्या बाजारावर तिचा भार पडतो तोही तेवढाच, आणि त्या बदल्यात वाचकाला आपल्या वस्तूवर पूर्ण मालकी मिळते. हा सौदा दोन्ही पक्षांना परवडणारा आहे, म्हणून तो इतकी वर्षं टिकला.

आता दुसऱ्या एका मताकडं वळतो. ते मित्र म्हणून येतं आणि जास्त अपमान करून जातं: 'रहस्यकथाच तर आहे, वाचायची आणि फेकायची, त्यात एवढा विचार कसला?' हेही जुनंच. १८६३ मध्ये हेन्री मॅन्सेल या इंग्लिश विचारवंतानं 'क्वार्टर्ली रिव्ह्यू'मध्ये लिहिलेल्या दीर्घ लेखात थरारक कादंबऱ्यांच्या पिकाचा ठपका नियतकालिकं, वर्गणीवर पुस्तकं देणारी ग्रंथालयं आणि रेल्वेचे स्टॉल यांच्यावर ठेवला होता. म्हणजे पुस्तक जितकं प्रवासात वाचलं जाईल आणि जितक्या हातांतून जाईल, तितकं ते हलकं, असं समीकरण तेव्हापासून बसलेलं आहे. मला ते साफ अमान्य आहे. चांगली रहस्यकथा ही गद्यातल्या सर्वांत शिस्तीच्या रचनांपैकी एक. सगळे पुरावे वाचकाच्या डोळ्यांसमोर ठेवायचे, तरी शेवटपर्यंत ते त्याला जुळू द्यायचे नाहीत, आणि शेवट आला की 'हे तर दिसतच होतं' असं त्याला वाटलं पाहिजे. १९३० मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या डिटेक्शन क्लब या रहस्यकथाकारांच्या मंडळाच्या सभासदांना शपथ घ्यावी लागे की आपल्या कथेतला तपास दैवी साक्षात्कारावर किंवा निव्वळ योगायोगावर सुटणार नाही आणि महत्त्वाचा धागा वाचकापासून लपवला जाणार नाही. वाचकाशी इतका उघड करार करणारा दुसरा साहित्यप्रकार मला माहीत नाही.

आणि हा करार पुस्तक पुढं देणाऱ्यालाही बांधतो, इकडं कुणी लक्षच देत नाही. लेखकानं रहस्य माझ्यापर्यंत शाबूत पोहोचवलं. ते पुढच्यापर्यंत शाबूत पोहोचवणं आता माझ्यावर आलं. लंडनच्या रंगभूमीवर १९५२ पासून ख्रिस्तींचं 'द माउसट्रॅप' चालू आहे, आणि प्रयोग संपल्यावर प्रेक्षकांना विनंती केली जाते की शेवट बाहेर सांगू नका. सत्तर वर्षांहून अधिक काळ नवे नवे अनोळखी लोक ही विनंती मान्य करून घरी जातात. प्रवासी वाचकांची फळी चालते ती याच जोरावर. तिथं व्यवस्थापक नसतो, दंड नसतो, नोंदवही नसते. एका माणसानं मुखपृष्ठाच्या आत 'माळ्यानं मारलं' एवढे दोन शब्द लिहिले, तर त्यानं पुढच्या प्रत्येक वाचकाकडून पुस्तकच हिरावून घेतलं. पानं सगळी असतील, पण कादंबरी गेली. माझ्या लेखी हे न परत केलेल्या पुस्तकापेक्षा मोठं पाप आहे.

जुन्या पोथ्यांच्या शेवटी नकलकार एक श्लोक लिहून ठेवत. त्यात पोथीच बोलते: तेलापासून मला राखा, पाण्यापासून राखा, ढिल्या बांधणीपासून राखा, आणि 'मूर्खहस्ते न दातव्यम्'. हा श्लोक बहुतेक वेळा पुस्तक कुणाला देऊ नये याचा दाखला म्हणून फेकला जातो. पण नीट पाहिलं तर त्यात देण्याला मनाई नाही. मनाई आहे ती मूर्खाच्या हाती देण्याला. महिनोन्महिने खपून एक एक अक्षर उतरवून काढणाऱ्या माणसानंही पोथी कुलपात ठेवा असं लिहिलं नाही. ती फिरणार हे त्यानं धरलंच होतं, काळजी होती ती कशी फिरेल याची. ही काळजी रहस्यकादंबरीच्या बाबतीत साध्या गोष्टींत उतरते. शेवटचं पान जागेवर आहे ना, हे पाहिल्याशिवाय पुस्तक फळीवर ठेवू नये. मालिकेतला कितवा भाग आहे ते आत लिहावं. सातव्या भागात पहिल्याचा खुनी सहज बोलण्यात उघड झालेला असतो, आणि ते न कळता वाचणाऱ्याचं पहिलं पुस्तक आपण घालवतो. ग्रंथालयाचा शिक्का असलेलं पुस्तक फिरवायचं नाही, कारण ते आपलं नाहीच. आणि एक गोष्ट मी सर्वांत वर ठेवतो: फळीवरून उचललेल्या ज्या पुस्तकानं रात्रभर जागवलं, त्या लेखकाचं पुढचं पुस्तक नवं, विकत घ्यावं. वर मान्य केलेल्या नुकसानीवर वाचकाच्या हातात असलेला हा उपाय आहे. परवडत असताना तो टाळणाऱ्याबद्दल मला आदर नाही.

आता पीडीएफवाल्यांकडं. त्यांच्या बाजूनं बोलण्यासारखंही काही आहे. कित्येक चांगल्या रहस्यकादंबऱ्या वर्षानुवर्षं छापल्याच जात नाहीत. हक्कदार छापत नाहीत आणि दुसऱ्याला छापूही देत नाहीत. अशा पुस्तकाचं स्कॅन नसतं तर ते नामशेष झालं असतं. दृष्टिहीन वाचकांची अडचण तर इतकी खरी होती की तिच्यासाठी २०१३ मध्ये माराकेशला आंतरराष्ट्रीय करार करावा लागला आणि त्यांना वाचता येतील अशा प्रती काढण्याला कॉपीराइटच्या बंधनातून वाट करून द्यावी लागली. हे अपवाद मला मान्य आहेत. पण गेल्या महिन्यात प्रसिद्ध झालेल्या, दुकानात समोर दिसणाऱ्या कादंबरीची फाइल पाचशे जणांच्या ग्रुपवर टाकणारा माणूस यातल्या कुठल्या अपवादात बसतो? तो म्हणतो, मी पुढं दिली. काय दिलं त्यानं? त्याच्याकडची फाइल होती तिथंच आहे. ज्यात देणाऱ्याचं काही जात नाही, त्याला देणं म्हणत नाहीत. जहाजाच्या मेसमध्ये कादंबरी ठेवून जाणाऱ्या खलाशाच्या पंक्तीला त्यानं बसू नये. एका प्रतीच्या क्षणात पाचशे प्रती झाल्या की वेळ, अंतर, झीज यांची जी नैसर्गिक मर्यादा त्या जुन्या सौद्याला परवडणारा ठेवत होती, तीच नाहीशी होते, आणि मग लेखकाची तक्रार शंभर टक्के रास्त ठरते.

लेखकाच्या मिळकतीचा प्रश्न खरोखर सोडवायचा असेल तर त्याचे मार्गही जगानं शोधलेले आहेत. ग्रंथालयातून पुस्तक किती वेळा नेलं जातं किंवा त्याच्या किती प्रती तिथं आहेत, यावर सरकारी निधीतून लेखकाला मोबदला देण्याची पद्धत सर्वप्रथम डेन्मार्कनं १९४६ मध्ये सुरू केली. ब्रिटनमध्ये जॉन ब्रोफी या कादंबरीकारानं १९५१ मध्ये दर वाचनामागं एका पेनीची कल्पना मांडली, पुढं त्यांची मुलगी ब्रिजिड ब्रोफी आणि इतर लेखकांनी ती लावून धरली, आणि १९७९ मध्ये कायदा झाला. आज तीसहून अधिक देशांत अशी व्यवस्था आहे. गुन्हेकथा लिहिणारे लेखक ग्रंथालयांत किती वाचले जातात हे पाहिलं, तर त्यांच्यासाठी ही व्यवस्था किती मोलाची आहे ते कळतं. वाचकाला शरमिंदा करण्यात जी शक्ती खर्च होते, ती अशा कायद्यांसाठी वापरली असती तर रहस्यकथाकारांच्या पदरात काहीतरी पडलं असतं.

प्रवासी वाचकाचा खरा हक्क आज कुठं हिरावला जातोय, याबद्दल मात्र दोन्ही बाजू गप्प आहेत. प्रवासात जाणारी रहस्यकादंबरी आता अनेकदा ई-बुक असते. किंमत छापील पुस्तकाच्या आसपास, बटणावर शब्द 'विकत घ्या' हेच. पण वाचून झाल्यावर ती शेजारच्याला देता येत नाही. नियम-अटींत शोधलं की कळतं, आपण पुस्तक घेतलेलंच नाही, ते वाचण्याची परवानगी घेतली आहे. २०१० च्या अखेरीस किंडलवर, म्हणजे ॲमेझॉनच्या ई-बुक वाचण्याच्या यंत्रावर, उसनं देण्याची सोय आली, ती अशी की प्रकाशकाची मान्यता असेल तरच, एका पुस्तकाच्या बाबतीत आयुष्यात एकदाच, तेही चौदा दिवसांसाठी. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनं आपलं ई-बुकचं दुकान बंद केलं तेव्हा ग्राहकांची पुस्तकं उघडेनाशी झाली. पैसे परत मिळाले, पुस्तकं गेली. पुस्तकाच्या पानावर अट छापून जे प्रकाशकाला १९०८ मध्ये जमलं नव्हतं, ते कुलूप लावून आज जमलं आहे. आणि वाचकाला त्याची वस्तू देता येऊ नये अशी व्यवस्था करायची, मग तो पीडीएफकडं वळला की त्याला चोर म्हणायचं, हे न्यायाचं नाही. प्रामाणिक वाचकाचा रस्ता बंद केला की गर्दी आडवाटेलाच होणार.

यावर नेहमीचं उत्तर असं की डिजिटल प्रत झिजत नाही. डिसेंबर २०१९ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयानं टॉम काबिनेट या डच कंपनीच्या खटल्यात, वापरलेली ई-बुकं हक्कदाराच्या परवानगीविना विकता येणार नाहीत असा निकाल दिला, तेव्हा हाच युक्तिवाद समोर होता: वापरलेली डिजिटल प्रत नव्यासारखीच असते, म्हणून ती नव्याच्या विक्रीलाच थेट मारते. मुद्दा बरोबर आहे. पण त्यातून 'म्हणून देऊच नका' हे निघत नाही. 'देण्याला झिजेइतकी मर्यादा घाला' एवढंच निघतं. एक ई-बुक पाच वेळा किंवा दहा वेळा हस्तांतरित होऊ द्या. देणाऱ्याच्या खात्यातून ते गेल्याशिवाय घेणाऱ्याच्या खात्यात येऊ देऊ नका. प्रत्येक हस्तांतरावर छोटी रक्कम आकारा आणि तिचा ठरलेला वाटा लेखकाला द्या. छापील पुस्तकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वाचकाकडून लेखकाला जे कधीच मिळालं नाही, ते इथं मिळू शकतं. हे तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही, असं विक्रेत्यांनी तरी सांगू नये. २००९ मध्ये हक्कांचा घोळ लक्षात आल्यावर ॲमेझॉननं जॉर्ज ऑरवेल यांच्या '१९८४'च्या विकलेल्या प्रती लोकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतल्या होत्या आणि नंतर कंपनीच्या प्रमुखांना त्याबद्दल जाहीर माफी मागावी लागली होती. ज्यांचा हात वाचकाच्या यंत्रात शिरून पुस्तक उचलून आणण्याइतका लांब आहे, त्यांना तेच पुस्तक एका खात्यातून काढून दुसऱ्या खात्यात ठेवणं अवघड नाही. त्यांनी ते करावं, अशी मागणी लेखक आणि वाचक दोघांनी मिळून करायला हवी, आणि ती करताना पीडीएफ वाटणाऱ्यांना बरोबर घेऊ नये.